सागाचा रंग

आमच्या भंडाऱ्याला समुद्र नाही. वैनगंगा आहे, आणि तिच्यात कोळ्यांच्या डोंग्यापलीकडे फारसे काही चालत नाही. अशा गावात राहून मी निवृत्तीनंतर युद्धनौका बांधायला घेतल्या, तेव्हा सौभाग्यवतींनी कपाळाला हात लावला. नौका प्लॅस्टिकच्या, मूळ जहाजाच्या सातशेपट लहान. ‘बिस्मार्क’ ही अडीचशे मीटर लांबीची जर्मन नौका या मापात दीड वितीची होते आणि जेवणाच्या टेबलावर मावते. मग टेबल जेवणाला उरत नाही, हे खरे.

पोलादी भागाचा करडा रंग सोपा. घोडे अडते ते डेकवर. जपान्यांच्या ‘यामातो’ला हिनोकीच्या फिकट फळ्या होत्या. त्यांच्या क्रूझरांवर तांबूस लिनोलियम असे, आणि ते पितळेच्या पट्ट्यांनी दाबलेले! (हे वाचून पितळेच्या गावच्या माणसाची छाती उगीचच फुगली.) विमानांना दिसू नये म्हणून अमेरिकनांनी महायुद्धात लाकडी डेक चक्क निळसर रंगवले. बिस्मार्कवर मात्र सागवान. म्हटले, सुटलो! जंगल उशाला असलेल्या जिल्ह्यातल्या माणसाला साग कोणी शिकवावा? दाराच्या चौकटीकडे बघून झकास तांबूस-पिवळा रंग कालवला आणि लावून टाकला.

दिवाळीला दादा आला. दादा नौदलातला. वडिलांच्या घराची वाटणी झाल्यापासून आमचे बोलणे जेवढ्यास तेवढे. त्याने नौका उचलली, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाला,

“हे डेक आहे की दिवाणखान्यातलं कपाट?”

मला राग आला. “साग असाच असतो, दादा.”

“घरातला. चल बाहेर.”

परसात वडिलांचे सागवानी बाकडे आहे. पत्र्याखालचा भाग अजून तांबूस. उघड्यावरचा मात्र ऊनपावसाने राखेसारखा करडा झालेला, त्यात रुपेरी झाक. इतकी वर्षे मी त्यावर बसून पेपर वाचला, पण पाहिले नव्हते.

“हा तुझा रंग,” दादा म्हणाला. “आम्ही पहाटे अनवाणी, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, दगडानं आणि वाळूनं डेक घासायचो. ओला असताना काळपट, वाळला की पांढुरका. त्यातही तुझी नौका एवढीशी. लांबून बघतोय असं समज आणि आणखी फिका कर.”

हेच बाकडे वाटणीत त्याने मागितले होते. मी दिले नव्हते. त्याने तो विषय काढला नाही. करड्या फळीवरून हात मात्र फिरवत राहिला.

दुपारभर आम्ही त्या बाकड्यावर बसून रंग कालवले. पांढरा, करडा, बदामी. फळीवर ठिपका लावायचा, वाळू द्यायचा, लाकडात तो दिसेनासा झाला की जमला. मी त्याला सांगितले, १९४१ साली बुडालेली बिस्मार्क १९८९मध्ये समुद्राच्या तळाशी सापडली, तेव्हा जवळपास पाच हजार मीटर खोलवर तिच्या डेकच्या सागवानी फळ्या बऱ्याचशा शाबूत होत्या.

“असणारच,” दादा म्हणाला, जणू त्यानेच त्या बसवल्या होत्या.

पाडव्याला तो निघाला. नौका मांडीवर घेऊन बसला. बाकडे काही त्याच्या गाडीत मावेना. पुढच्या आठवड्यात टेम्पो सांगितला आहे.