ओसाड नावाचे रान

मराठीत ‘नाव ठेवणे’ आणि ‘नावे ठेवणे’ यांत बराच फरक आहे. पहिले बारशाच्या दिवशी होते. दुसरे म्हणजे दोष काढणे. पण कधी कधी एकाच शब्दाने ही दोन्ही कामे होतात. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील न्यू जर्सी राज्यात, दक्षिणेकडे, पाइन वृक्षांचे एक अफाट रान आहे. त्याचे नाव ‘पाइन बॅरन्स’. बॅरन म्हणजे ओसाड, नापीक. युरोपातून आलेल्या शेतकऱ्यांना येथील वाळूत आपली नेहमीची पिके काढता आली नाहीत, म्हणून त्यांनी हे नाव देऊन टाकले.

न्यू जर्सीत आज पुष्कळ मराठी माणसे राहतात. माझी धाकटी बहीण त्यांपैकीच एक. तिच्याकडे गेलो असताना मी हे रान दोनदा पाहिले. एका बाजूला न्यू यॉर्क, दुसऱ्या बाजूला फिलाडेल्फिया, आणि या दोन महानगरांच्या मध्ये इतकी झाडे! पायाखालची वाळू साखरेसारखी पांढरी होती. पाऊस पडला की पाणी तिच्यावर थांबत नाही, सरळ खाली मुरते. त्यामुळे जमिनीच्या पोटात गोड्या पाण्याचा प्रचंड साठा झाला आहे. ओढ्यांचे पाणी मात्र तपकिरी दिसते. मला तर कोणी बिनदुधाचा चहा ओतून ठेवल्यासारखे वाटले. लोह आणि झाडांचा अर्क यांमुळे हा रंग येतो. पूर्वी जहाजांचे कप्तान हेच पाणी पिंपांत भरून नेत. लांबच्या प्रवासात ते लवकर नासत नाही, असे ते सांगत.

जोसेफ व्हार्टन नावाच्या एका धनिकाला या पाण्याचे मोल नेमके कळले. १८७० नंतर त्याने येथे एक लाख एकरांच्या आसपास जमीन विकत घेतली. सारे पाणी फिलाडेल्फिया शहराला पुरवायचे, असा त्याचा बेत होता. राज्याचे पाणी बाहेर नेण्यास न्यू जर्सीच्या विधिमंडळाने कायद्याने मनाई केली आणि तो बेत बारगळला. पाणी जागच्या जागी राहिले.

आता झाडांविषयी. उर्दू कवितेत तुम्हांला उंच, डौलदार सनोबर भेटतो. येथील पिच पाइन त्याच्याच कुळातला. पण डौल विसरा! खोड वाकडे, साल खरबरीत, फांद्या कशाही फुटलेल्या. एका भागात तर ही झाडे इतकी खुजी आहेत, की काहींच्या शेंड्यांवरून मला पलीकडचे दिसत होते. परंतु या झाडाची खरी ओळख वणव्यात होते. त्याची जाड साल आतल्या कळ्यांना आगीपासून जपते. खोड कोळशासारखे काळे पडले, तरी थोड्याच आठवड्यांत त्यातून हिरवे झुपके बाहेर येतात. खुज्या पाइनची फळे तर राळेने घट्ट चिकटलेली असतात. ती वर्षानुवर्षे मिटूनच राहतात. आगीची धग लागली की राळ वितळते, फळ उघडते आणि मोकळ्या झालेल्या वाळूत बी पडते. दीर्घकाळ आग लागलीच नाही, तर ओकची झाडे वाढतात, सावली दाट होते आणि पाइनच्या रोपांना जागा उरत नाही. इतर रानांचा जो शत्रू, तो येथे पाइनचा सोबती!

अर्थात माणसांना ही सोबत महाग पडते. एप्रिल १९६३ मध्ये येथे भयंकर वणवे पेटले. पावणेदोन लाख एकरांहून अधिक रान जळाले, शेकडो इमारती खाक झाल्या आणि सात माणसे दगावली. एप्रिल २०२५ मध्येही सुमारे पंधरा हजार एकर रान जळाले. म्हणून वनखात्याचे लोक हिवाळ्यात स्वतःच थोडी थोडी आग लावतात. वाळलेला पाला आधीच जळून गेला, म्हणजे पुढे मोठ्या वणव्याला खायला कमी मिळते.

या रानात पहिल्यांदा लेनापे लोक राहत होते. पुढे गोऱ्या वसाहतवाल्यांनी त्यांची जमीन घेतली. १७६६ मध्ये बॅटस्टो येथे लोखंडाची भट्टी सुरू झाली. दलदलीत साचणारे लोहखनिज आणि पाइनचा कोळसा, दोन्ही जवळच होते. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धातले तोफगोळे येथे ओतले गेले. नंतर पेनसिल्व्हेनियातले लोखंड स्वस्त पडू लागले, भट्ट्या विझल्या आणि गावे रिकामी झाली.

जी माणसे मागे राहिली, ती रानातली फळे वेचीत, शेवाळ गोळा करीत, कोळसा पाडीत. शहरवाले त्यांना ‘पायनी’ म्हणत आणि हसत. १९१३ मध्ये एलिझाबेथ काइट या बाईंचा त्यांच्याविषयीचा अहवाल प्रसिद्ध झाला. हे लोक मंदबुद्धीचे व बिघडलेले आहेत, असा त्याचा बोभाटा झाला. राज्यपाल तर म्हणाले, की हा मुलूख उरलेल्या राज्यापासून वेगळा ठेवावा! जमिनीला ठेवलेले नाव असे माणसांनाही चिकटले.

याच रानात १८१२ साली जेम्स स्टिल जन्मला होता. त्याचे आईवडील पूर्वी गुलाम होते. वडिलांनी पैसे भरून स्वातंत्र्य विकत घेतले, आई पळून आली. जेम्सला शाळा मिळाली ती सगळी मिळून तीन महिने. बाकीचे तो पुस्तके वाचून शिकला. रानातल्या वनस्पतींची औषधे करून त्याने इतके रुग्ण बरे केले, की काळे आणि गोरे दोघेही त्याच्या दारी येत. १८७७ मध्ये त्याने आपले आत्मचरित्रही प्रसिद्ध केले.

आणि तो अहवाल गाजत होता, त्याच वर्षांत एलिझाबेथ व्हाइट ही शेतकऱ्याची मुलगी या ‘मंदबुद्धी’ माणसांकडेच मदत मागत होती. फ्रेडरिक कोव्हिल या वनस्पतिशास्त्रज्ञाबरोबर तिला रानटी ब्लूबेरीची लागवड करायची होती. कोणत्या झुडपाला टपोरी फळे येतात, हे पायनींवाचून कोणाला ठाऊक असणार? तिने त्यांना भोक पाडलेली मापे दिली. ज्याचे फळ भोकातून खाली पडणार नाही, ते झुडूप दाखवावे आणि पैसे घ्यावेत. शोधणाऱ्याचे नाव झुडपाला मिळे. रूब लीक याच्या झुडपाचे नाव ‘रूबेल’ पडले. १९१६ मध्ये लागवडीच्या ब्लूबेरीचे पहिले पीक बाजारात गेले. रूबेल जातीची लागवड अजूनही होते.

१९६० च्या दशकात येथे भला मोठा विमानतळ बांधायचे घाटत होते. ते झाले नाही. १९७८ मध्ये केंद्रीय कायद्याने सुमारे अकरा लाख एकरांचा प्रदेश संरक्षित झाला. त्यात गावे आहेत, शेती आहे, ब्लूबेरीचे मळेही आहेत. कायद्यात या प्रदेशाला ‘पाइनलँड्स’ म्हटले आहे. ‘ओसाड’ हा शब्द गाळला आहे. पायनींनी मात्र आपले नाव बदललेले नाही. एका फळविक्याच्या जुन्या गाडीमागे मी ते मोठ्या अक्षरांत चिकटवलेले पाहिले. मी वाचतो आहे हे पाहून तो हसला आणि त्याने मूठभर ब्लूबेरी माझ्यापुढे धरल्या.