कथिलाचा रथ

रथ म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे काय उभे राहते? बहुधा दिनदर्शिकेवरचे ते चित्र. पांढरे शुभ्र घोडे, ध्वजावर मारुती, मागे हात जोडून उभा असलेला अर्जुन आणि पुढे हसतमुख श्रीकृष्ण. त्या चित्रातल्या रथाच्या चाकाला चिखल लागलेला मी कधी पाहिला नाही. चिखल आपण कर्णासाठी राखून ठेवलेला आहे!

कर्णाचे आणि माझे नाते जुने. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, एस.टी.त ड्रायव्हर होते. कराड-चिपळूण हा त्यांचा मार्ग. म्हणजे रोजचा कुंभार्ली घाट. आठवीत असताना वक्तृत्व स्पर्धेत मी कर्णावर बोललो. बक्षीस घेऊन व्यासपीठावरून खाली उतरलो तेव्हा वर्गातल्या एकाने पाठीवर थाप मारली. "शोभतंय बरं का, सूतपुत्रा!" सगळे हसले. मीही हसलो. पण त्या दिवसापासून 'वडील काय करतात?' या प्रश्नाला माझे उत्तर ठरून गेले, "परिवहन खात्यात आहेत." ते खोटे नव्हते, आणि खरेही नव्हते. आपल्या या महाविद्यालयाच्या वसतिगृहात मी तीन वर्षे त्या एका वाक्यावर काढली. ते वाक्य माझ्याकडून कसे सुटले, त्याची ही हकीकत. ती सातासमुद्रापलीकडे एका मेजावर, दोन फूट चौरस रणांगणावर घडली.

इतिहासाच्या पुढील शिक्षणासाठी शिष्यवृत्ती मिळाली आणि २०१८ च्या सप्टेंबरात मी इंग्लंडमधील नॉटिंगहॅमला पोहोचलो. दुपारी चारलाच अंधार पडू लागला तशी घरची आठवण पोटात कालवू लागली. एके दिवशी ग्रंथालयाच्या फलकावर एक चिठ्ठी दिसली: प्राचीन युद्धे, दर गुरुवारी संध्याकाळी, चहा मोफत. युद्धांपेक्षा मला चहाने ओढले, हे प्रामाणिकपणे सांगून टाकतो.

चर्चच्या सभागृहात जाऊन पाहतो तो काय! टक्कल पडलेली, चष्मे लावलेली, चांगली पोक्त माणसे मेजांवर ओणवी होऊन इवल्या इवल्या सैनिकांशी खेळत होती. मला हसू आवरेना. पण हा पोरखेळ नव्हे, हे हळूहळू ध्यानी आले. एच. जी. वेल्ससारख्या लेखकाने १९१३ साली 'लिटिल वॉर्स' हे पुस्तक लिहून खेळण्यातल्या सैनिकांच्या लढाईला नियम घालून दिले. १९६२ मध्ये डोनाल्ड फेदरस्टोनच्या पुस्तकाने हा छंद घरोघर नेला. नॉटिंगहॅमचा परिसर तर या धातूच्या सैनिकांचे आगरच. त्यामुळे त्या भागाला छंदिष्टांनी 'लेड बेल्ट', म्हणजे शिशाचा पट्टा, असे नावच देऊन टाकले आहे.

तिथे मला मास्तर भेटले. इतिहासाचे निवृत्त शिक्षक. नाव सांगत नाही. मी मनातल्या मनात त्यांना मास्तरच म्हणत असे. मी भारतातला आहे हे कळताच त्यांनी कपाटातून एक चपटा डबा काढला आणि झाकण उघडून माझ्यापुढे धरला. आत कापसावर सैन्य निजले होते. हत्ती, धनुर्धर आणि चार-चार घोड्यांचे रथ. पण सगळेच बिनरंगाचे, राखी.

"ही पोरसची सेना," मास्तर म्हणाले. "वीस वर्षे पडून आहे. रथ आहेत म्हणून कुणी घेत नाही. तू रंगव आणि फेब्रुवारीतल्या स्पर्धेत खेळव."

मग सहज त्यांनी विचारले, "वडील काय करतात तुझे?"

"परिवहन खात्यात आहेत," मी म्हणालो. सात हजार किलोमीटरांवर येऊनही जीभ त्याच वळणाने वळली.

खेळाचे नियम थोडक्यात सांगतो. त्यावाचून पुढची गोष्ट कळायची नाही. आम्ही ज्या नियमांनी खेळत होतो ते फिल बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केले. लॅटिन नाव भले लांबलचक, 'डी बेलिस अँटिक्विटॅटिस'. पण सैन्य प्रत्येकी अवघ्या बारा तुकड्यांचे. बोटाच्या पेराएवढे सैनिक चार सेंटिमीटर रुंदीच्या पट्टीवर चिकटवलेले असतात. एका खेळीत किती हुकूम देता येतील, हे फासा ठरवतो. सहा पडले तर सेना सळसळते. एक पडला तर एकच हुकूम, बाकीचे तुमच्या तोंडाकडे बघत उभे! तुकड्या भिडल्या की दोघांनी फासा टाकायचा आणि त्यात आपापल्या तुकडीचे बळ मिळवायचे. साधारणपणे चार तुकड्या गमावल्या की डाव संपला. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे जमीन. झाडी, दलदल, खडक अशा अवघड जागी रथ उतरला की त्याच्या बळातून दोन वजा होतात. सपाट मैदानावर जो सिंह, तो चिखलात शेळी होतो.

आपल्या बुद्धिबळाचे मूळ नाव चतुरंग. हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ ही सेनेची चार अंगे. पण आज मराठी पटावर हत्ती आहे, घोडा आहे, प्यादी आहेत, कुठून कोण जाणे उंटही आला आहे. रथ मात्र नाही. कोपऱ्यातल्या त्याच्या घरात हत्ती येऊन उभा राहिला. पटावरून गेला तसा तो रणांगणावरूनही गेला. त्याचे कारण मला त्या हिवाळ्यात पुस्तकांतून उलगडत गेले.

इ. स. पू. ३२६. झेलम नदीचा काठ. अलेक्झांडरने वादळी पावसाच्या रात्री नदी ओलांडली. त्याला अडवायला पोरसने आपल्या मुलाला पुढे पाठवले. एरियन या इतिहासकाराने दिलेला आकडा असा: दोन हजार घोडेस्वार आणि एकशे वीस रथ. रात्रभरच्या पावसाने जमिनीचा चिखल झालेला. रथ रुतले आणि मुलगा मारला गेला. मग खुद्द पोरस निघाला आणि एरियन सांगतो की चिखल नसलेली, वाळूमुळे सपाट आणि कठीण झालेली जागा पाहून त्याने सैन्य उभे केले. पोरस ती लढाई हरलाच. पण पोराला जे दिसले नाही, ते बापाला दिसले होते. हे वाक्य मी वहीत लिहून ठेवले. तेव्हा ते केवळ इतिहासाचे टिपण वाटले होते.

रथ रंगवताना महाविद्यालयाच्या सहलीत पाहिलेले भाज्याचे लेणे आठवत होते. विहाराच्या व्हरांड्यात, चार घोड्यांच्या रथातून राक्षसाला तुडवीत चाललेली ती सूर्याची म्हणून ओळखली जाणारी आकृती! धनुर्धरांचे फेटे मी लाल रंगवले, घोड्यांच्या पाठींवर पिवळी झूल दिली. सारथी शेवटी उरला. त्याच्या हाती लगाम आणि चाबूक, बस्स. सबंध सैन्यात बिनहत्यारी असा तो एकटाच. त्याला कोणता रंग द्यावा ते सुचेना. अखेर मी त्याला खाकी कपडे चढवले. का, ते स्वतःलाही विचारले नाही.

रविवारी अण्णांशी फोनवर बोलणे होई. ते तेव्हा निवृत्त होऊन वर्ष झाले होते. त्यांना या खेळाचे भारी कौतुक. एकदा मी त्यांना कर्टियस या रोमन लेखकाचे वर्णन सांगितले. पोरसच्या रथात सहा माणसे: दोघे ढालवाले, दोघे धनुर्धर, दोघे सारथी. आणि हातघाई सुरू झाली की सारथी लगाम टाकून भाले फेकू लागत.

"लगाम टाकून?" अण्णा एकदम उसळले. "आरं, चालत्या गाडीचं स्टेरिंग सोडून कुनी मारामारी करतंय व्हय? ज्यानं ह्ये लिवलंय त्यानं कदी गाडी हाकली नसनार!"

दुसऱ्या दिवशी मी हे मास्तरांना सांगितले. 'माझे एक परिचित म्हणतात' असे सांगितले.

स्पर्धा २०१९ च्या फेब्रुवारीत, एका रविवारी झाली. दिवसभरात पाच डाव. पहिल्याच डावात समोर अलेक्झांडरची सेना घेऊन सोळा-सतरा वर्षांचा एक मुलगा आला. लांब भाल्यांची त्याची फळी पाहूनच छाती दडपत होती. उजव्या बाजूला हिरवट कापडाचा तुकडा पसरला होता, तो दलदल. त्यातून रथ काढले तर दोन खेळ्यांत त्याच्या पिछाडीला पोहोचता येईल, असा हिशेब मी केला आणि रथ घातले. फाशाने एक दिला. पुढच्या खेळीत पुन्हा एक! माझे लाल फेटेवाले धनुर्धर चिखलात थिजून राहिले आणि त्याच्या हलक्या भालाफेक्यांनी त्यांना गाठले. तो मुलगा मोठ्या अदबीने 'सॉरी' म्हणत माझे रथ उचलून बाजूला ठेवीत होता. अर्ध्या तासात डाव आटोपला. दुसऱ्या डावातही मी तसाच घाईने हरलो.

जेवणाच्या सुट्टीत बाहेर जाऊन घरी फोन लावला. तिकडे दिवेलागण झाली होती.

"काय रं, आवाज का असा?"

"हरलो, अण्णा. रथ चिखलात रुतले."

"चिखल दिसत व्हता न्हवं तुला?"

"दिसत होता. पण त्यातनं गेलो असतो तर लवकर पोचलो असतो."

पलीकडे जरा वेळ शांतता. मग म्हणाले, "घाटात समदीच लवकर पोचाया निघत्यात, बाळा. गाडी कुठनं न्यायची त्ये कुनीबी सांगंल. कुठनं न्यायची न्हाई, त्ये ड्रायव्हरला कळाया पायजे. आन् मागं मानसं बसल्याली असत्यात, त्ये इसरू नगंस."

फोन ठेवला आणि मी तिथेच थंडीत उभा राहिलो. आठवीतले ते भाषण आठवले. कर्णाचे चाक शापाने रुतले, हे मी टाळ्या घेत सांगितले होते. पण त्या दिवशी त्याच्या रथाचे लगाम शल्याच्या हाती होते. सूतपुत्राचे सारथ्य करणे ज्याला कमीपणाचे वाटत होते, त्या राजाच्या हाती. आणि ज्या अधिरथ सारथ्याने कर्णाला वाढवले, त्याला कर्णाने कधी अंतर दिले नाही. आपले खरे कुळ कळल्यावरही, राज्य समोर ठेवले असतानाही दिले नाही. मला तर कुणी राज्यही देऊ केले नव्हते. एका थट्टेपायी मी अण्णांना परिवहन खात्यात ढकलून मोकळा झालो होतो.

तिसरा डाव हरलो, पण झुंजून. चौथा बरोबरीत सुटला. पाचव्यात समोर सिल्युकसची सेना, आणि फाशाने बचावाची पाळी माझ्यावर आली. बचाव करणाऱ्याने जमीन मांडायची असते. मी दलदल दोन्ही कडांना सारली आणि मधले मैदान मोकळे ठेवले. धनुर्धर आणि हत्ती पुढे, रथ मागे. फासा चांगला पडला तरी रथ हलवले नाहीत. माझा प्रतिस्पर्धी, एक दाढीवाला गृहस्थ, दोनदा घड्याळाकडे पाहून सुस्कारला. अखेर त्याचे घोडेस्वार माझ्या हत्तींवर येऊन आपटले आणि फुटले. भालाईतांची फळी पुढे सरकली, तशी तिची डावी बाजू उघडी पडली. समोर हत्ती उभा, मधे कठीण सपाट जमीन, आणि फाशावर पाच! रथ सुटले ते थेट फळीच्या कुशीत. मागे हटायला जागा नाही म्हणून ती तुकडी जागीच मेली, पाठोपाठ दुसरी. चार विरुद्ध तीन. जिंकलो. स्पर्धेच्या यादीत माझा क्रमांक शेवटून तिसरा लागला, हेही नमूद केले पाहिजे!

डबा आवरताना मास्तर जवळ आले. "रथ इतका वेळ धरून ठेवायला कुणी शिकवले तुला?"

"माझ्या वडिलांनी," मी म्हणालो. घसा कोरडा पडला होता. "ते बस ड्रायव्हर होते. डोंगरातल्या रस्त्यावर."

"किती वर्षे?"

"तीस."

"अपघात?"

"एकही नाही."

मास्तरांनी मान डोलावली. "तर मग आम्ही चुकीच्या माणसाला खेळायला बसवले," ते म्हणाले आणि चहा आणायला निघून गेले. सोळा वर्षे जिभेवर बसलेले वाक्य असे अर्ध्या मिनिटात उतरले. कुणी हसले नाही, कुणी दचकलेही नाही.

निघताना मास्तरांनी एक रथ मला भेट दिला. कराडला घरी पोहोचल्यावर तो अण्णांच्या हातावर ठेवला. त्यांनी चष्मा लावला, रथ खिडकीपाशी उजेडात नेला, घोडे मोजले, चाके तर्जनीने चाचपली. खाकी कपड्यांतल्या सारथ्याकडे बराच वेळ बघत राहिले. मला वाटले, आता डोळ्यांत पाणी येणार.

"झ्याक हाय," अण्णा म्हणाले. "पर ह्येच्यं ध्यान रस्त्याव न्हाई. मुंडी वाकडी चिकटवलीयास तू."

मी निरखून पाहिले. खरेच होते.