टकीलाच्या दालनातील एक मोकळा नकार

वाचकहो, घायपात ही वनस्पती आपल्यापैकी बहुतेकांच्या पाहण्यातील आहे. शेताच्या बांधावर, रेल्वेमार्गाच्या कडेला, माळावरच्या कुंपणाला ती उभी असते. पाने जाड, आणि प्रत्येक पानाच्या टोकाला काटा. मराठवाड्यात तिला केकताड असेही म्हणतात. तिच्या पानांतून वाख काढून दोर आणि चऱ्हाटे वळण्याची आपली परंपरा जुनी आहे. ही वनस्पती मूळची अमेरिका खंडातील. तिच्याच कुळातील निळसर पानांच्या एका जातीपासून मेक्सिकोमध्ये टकीला हे मद्य तयार होते. त्या मद्याचे एक लहानसे दालन गेल्या उन्हाळ्यात पाहण्याचा योग आला. कुटुंबाच्या आरोग्याला वाहिलेल्या पाक्षिकात मद्यालयाचा विषय कशासाठी, असे आपल्या मनात येईल. मद्यपानाचे कौतुक करणे हा या लेखाचा हेतू नाही. घरात ज्या गोष्टीविषयी आपण बोलत नाही, तिच्याविषयी बोलणे किती आवश्यक आहे, हे त्या दालनात मला विशेष जाणवले, म्हणून हा लेखनप्रपंच.

आमची कन्या आणि जावई अमेरिकेत असतात. छत्रपती संभाजीनगरहून यजमान आणि मी त्यांच्याकडे गेलो असता त्यांनी आम्हांला फ्लोरिडातील ऑर्लँडो येथे नेले. तेथे डिस्ने कंपनीचे ‘एपकॉट’ नावाचे विस्तीर्ण उद्यान आहे. 1 ऑक्टोबर 1982 रोजी ते खुले झाले. एका तळ्याभोवती अकरा देशांची दालने मांडलेली असून तळ्याला एक फेरी घालायची म्हणजे सुमारे दोन किलोमीटर चालावे लागते. मेक्सिकोचे दालन प्राचीन पिरॅमिडच्या आकाराचे आहे. बाहेर रणरणते ऊन असले, तरी आत सदैव सायंकाळ असते. मंद दिवे, बाजारपेठेसारखा चौक, पलीकडे पाण्याचा प्रवाह आणि दूरवर धुमसणारा ज्वालामुखी असा तो देखावा आहे. कन्या नातीला घेऊन तेथील नावेच्या सफरीला गेली आणि जावईबापू आम्हां दोघांना एका कमानदार, ठेंगण्या छताच्या खोलीत घेऊन गेले. ‘ला कावा देल टकीला’ हे तिचे नाव. 2009 साली सुरू झालेल्या या जागेत बसण्याची व्यवस्था मोजक्याच माणसांची. टकीलाचे प्रकार मात्र दोनशेहून अधिक.

मी तेथे गेले ती केवळ कुतूहलापोटी. समोर मद्य देणारा तरुण मूळचा मेक्सिकोतलाच होता आणि आपल्या गावाकडच्या पिकाविषयी एखाद्या शेतकऱ्याने बोलावे, तसा तो बोलत होता. ही वनस्पती पक्व व्हायला सहा ते आठ वर्षे लागतात. पाने छाटल्यावर उरणारा गाभा अननसासारखा दिसतो, म्हणून त्याला त्यांच्या भाषेत अननसाचेच नाव आहे. तो गाभा भट्टीत शिजवायचा, रस काढायचा, आंबवायचा आणि मग ऊर्ध्वपातन करायचे. ताज्या टकीलाला ‘ब्लांको’, लाकडी पिंपात किमान दोन महिने मुरलेल्या टकीलाला ‘रेपोसादो’ आणि किमान वर्षभर मुरलेल्या टकीलाला ‘आन्येहो’ म्हणतात. टकीला हे नाव मेक्सिकोतील ठरावीक प्रदेशातील मद्यालाच लावता येते. आपल्याकडे दख्खनच्या घायपातापासून केलेल्या मद्याला ते नाव देता येत नाही, ते याच कारणाने.

या सर्व माहितीपेक्षा मला महत्त्वाचे वाटले ते त्याचे माप. प्रत्येक पेला मोजून भरला जात होता. अमेरिकेत एक प्रमाण पेला म्हणजे चाळीस टक्के मद्यार्क असलेल्या पेयाचे सुमारे 44 मिलिलिटर. त्यात शुद्ध मद्यार्क 14 ग्रॅमच्या आसपास असतो. आपल्याकडे प्रमाण माप 10 ग्रॅमचे धरतात. म्हणजे आपल्या बाजारात मिळणाऱ्या कडक मद्याचे जेमतेम 30 मिलिलिटर. घरगुती बैठकीत अंदाजाने ओतलेल्या एका ‘पेगात’ अशी दोन किंवा तीन मापे सहज मावतात. ‘मी एकच घेतो’ हे वाक्य त्यामुळे काहीच सांगत नाही.

जावईबापूंनी यजमानांना आपुलकीने विचारले, “बाबा, इतक्या लांब आलो आहोत, तर चवीपुरते घेऊन पाहता का?” यजमानांचे वय सदुसष्ट आणि गेल्या चौदा वर्षांपासून त्यांना मधुमेह आहे. ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, “आपला आग्रह प्रेमाचा आहे, जावईबापू. पण सकाळी साखरेची गोळी घेतली आहे, उन्हात चालणे झाले आहे आणि पोटात फारसे अन्न नाही. मी घेणार नाही.” जावई लगेच म्हणाले, “मग नकोच, बाबा. आधी काहीतरी खायला मागवू या.” मद्य देणाऱ्या तरुणाने मक्याच्या कुरकुरीत चकत्या, अव्होकाडोची चटणी आणि थंड पाणी पुढे ठेवले. मद्याविना केलेले गोड पेयही त्याने सुचवले. परंतु त्यातील साखरेच्या पाकाचे प्रमाण विचारल्यावर यजमानांनी त्यालाही नकार दिला. कोणाचा चेहरा उतरला नाही, कोणी थट्टा केली नाही. सारा प्रसंग दोन मिनिटांत संपला.

या नकारामागचे शास्त्र मधुमेही व्यक्ती असलेल्या प्रत्येक घराने समजून घ्यावे असे आहे. आपण उपाशी असतो तेव्हा यकृत नवी साखर तयार करून रक्तात सोडत असते. मद्य पोटात गेले की यकृत ते निकामी करण्याच्या कामाला लागते आणि साखर तयार करण्याचे काम मंदावते. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्या माणसाची साखर अशा वेळी धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते. हा धोका पेला संपल्याबरोबर संपत नाही. तो रात्रभर, कधी दुसऱ्या दिवसापर्यंत टिकतो. सर्वांत कठीण गोष्ट अशी की, साखर उतरल्याची लक्षणे आणि नशेची लक्षणे सारखी दिसतात. घाम, थरथर, अडखळते बोलणे, गोंधळ हे पाहून भोवतालची माणसे ‘चढली आहे, झोपू द्या’ असे म्हणतात आणि उपचाराची वेळ निघून जाते. अशा वेळी साखर तपासावी. माणूस शुद्धीवर असून गिळू शकत असेल, तर त्याला साखरपाणी द्यावे. शुद्ध हरपली असेल, तर तोंडात काहीही न घालता तत्काळ रुग्णालय गाठावे.

टकीला ही ‘आरोग्यदायी’ असल्याचे संदेश आपल्याही भ्रमणध्वनीवर आले असतील. त्यांचा उगम बहुधा 2014 सालच्या एका बातमीत आहे. मेक्सिकोतील संशोधकांनी घायपाताच्या कुळातील या वनस्पतीत आढळणाऱ्या ‘अगाविन’ नावाच्या शर्करांचा प्रयोग उंदरांवर करून त्यांच्या रक्तातील साखर उतरल्याचे निष्कर्ष मांडले होते. परंतु त्या शर्करा वनस्पतीत असतात, टकीलात नसतात. मद्य तयार होताना त्यांचे रूपांतर मद्यार्कात होते. याच वनस्पतीच्या रसाचा गोड पाकही ‘नैसर्गिक’ म्हणून विकला जातो. त्यात फ्रुक्टोजचे प्रमाण मोठे असते. मद्यार्काविषयी सांगायचे, तर आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 1988 सालीच मद्यपेयांचा समावेश कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात केला. मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्याला निर्धोक म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी 2023 मध्ये स्पष्ट केले आहे. पिंपात ते किती वर्षे मुरले, यामुळे त्यात काही फरक पडत नाही.

आता आपल्या घराकडे वळू. आमचे शहर मद्यनिर्मितीला अपरिचित नाही. वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत बिअरचे मोठे कारखाने आहेत. 2016 च्या दुष्काळात मराठवाड्यातील मद्य कारखान्यांचे पाणी आधी निम्म्याने आणि नंतर साठ टक्क्यांनी कमी करण्याचा आदेश उच्च न्यायालयाच्या येथील खंडपीठाने दिला, तेव्हा या कारखान्यांची चर्चा घराघरांत झाली. पाण्याविषयी आपण तावातावाने बोललो. परंतु आपल्याच घरातील कोण, किती आणि केव्हापासून पितो, हा प्रश्न मात्र दिवाणखान्यात कधी उच्चारला जात नाही.

या मौनाची किंमत आमच्या कुटुंबाने जवळून पाहिली आहे. काही वर्षांपूर्वी माझे धाकटे दीर दुचाकीवरून पडले आणि मांडीच्या हाडावर शस्त्रक्रिया करावी लागली. दाखल करून घेताना डॉक्टरांनी ‘मद्य घेता का’ असे विचारले. भोवती वडीलधारी मंडळी होती. दिरांनी नकारार्थी मान हलवली. तिसऱ्या दिवशी त्यांचे हात कापू लागले, अंग घामाने भिजले, नसलेल्या माणसांशी ते बोलू लागले आणि सलाईनची नळी उपटू लागले. कोणी म्हणाले भुलीचा परिणाम, कोणी म्हणाले बाहेरची बाधा. अखेर जाऊबाईंनी डॉक्टरांना बाजूला नेऊन, ते रोज रात्री पीत असल्याचे दबक्या आवाजात सांगितले. दीर्घकाळ रोज पिणाऱ्याचे मद्य एकाएकी थांबले की दोन-तीन दिवसांत अशी अवस्था उद्भवू शकते आणि ती जिवावर बेतू शकते. योग्य औषधे सुरू झाली आणि दीर वाचले. पुढे त्यांनी मानसोपचारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली मद्य सोडले. जाऊबाई एकदा मला म्हणाल्या, “वहिनी, ते पितात याचे दुःख होतेच, पण ते कोणाला सांगता येत नाही, याचे ओझे अधिक होते.”

मेक्सिकोच्या त्या खोलीत मला हेच शब्द आठवत होते. तेथे मद्याचे नाव घेतले जात होते, माप सांगितले जात होते, आणि एका वृद्ध माणसाने आपल्या आजाराचे कारण देऊन केलेला नकार जावयाने सहजपणे स्वीकारला होता. असा मोकळेपणा घरात आणण्यासाठी मद्य घरात आणण्याची मुळीच आवश्यकता नाही.

वाचकहो, यासाठी काही साध्या गोष्टी आपण करू शकतो. आग्रह हा आपल्या पाहुणचाराचा अलंकार असला, तरी पेल्याच्या बाबतीत तो पूर्णपणे वर्ज्य मानावा आणि ‘नको’ म्हणणाऱ्याला कारण विचारू नये. मधुमेह, यकृताचे विकार, झोपेच्या किंवा मानसिक आजाराच्या गोळ्या सुरू असतील, तर मद्याविषयी डॉक्टरांशी स्पष्ट बोलावे. कॉफी, लिंबूपाणी किंवा गार पाण्याची आंघोळ यांनी मद्य लवकर उतरत नाही, हे वाहन चालवणाऱ्या तरुणांना आधीच सांगून ठेवावे. महाराष्ट्रात बिअर आणि वाइनसाठी एकवीस, तर कडक मद्यासाठी पंचवीस वर्षे ही वयाची अट कायद्याने घातलेली आहे. हे मुलांना धमकी म्हणून न सांगता माहिती म्हणून सांगावे. रोज पिणाऱ्या व्यक्तीला रागाच्या भरात एका दिवसात बंद करायला लावू नये; वैद्यकीय सल्ल्यानेच सोडवावे. व्यसनमुक्तीच्या मार्गदर्शनासाठी 14446 आणि मानसिक आरोग्यासाठी 14416 या शासकीय दूरध्वनी सेवा उपलब्ध आहेत.

आपण डॉक्टरांकडे जाताना औषधांची यादी कागदावर लिहून नेतो. यापुढे त्याच कागदावर आणखी एक ओळ लिहावी: मद्य घेतो की नाही, घेत असल्यास किती आणि आठवड्यातून किती वेळा. ती ओळ घरातील ज्या माणसाविषयी आहे, त्याच्यासमोर, त्याच्याशी बोलून लिहावी.