मी चिडखोर नाही, राजेहो

आवाजाचा त्रास म्हटलं की आपल्या नागपुरात सगळ्यांना डीजेच आठवतो. त्याच्यासाठी निदान कायदा तरी आहे. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा दिलीय. (पाळतं कोण, ते सोडा.) पण मला डीजेपेक्षा बसमध्ये शेजारी बसून खर्रा घोटणाऱ्याच्या पन्नीचा आवाज जास्त छळतो. तो कोणत्या मीटरवर मोजाल?

घरी त्याहून कठीण. बाबा बशीतून चहाचा भुरका घेतात आणि माझ्या छातीत धडधड सुरू होते, मुठी आवळल्या जातात. राग बाबांचा नसतो, त्या आवाजाचा असतो. पण त्यांना वाटतं, पोरीला माझीच लाज वाटते. मी ताट घेऊन आतल्या खोलीत गेली की ते काही बोलत नाहीत. आत्या मात्र बोलते, "लयच नखरे आहेत हिचे!"

नखरे नाहीत जी. याला मिसोफोनिया म्हणतात. मार्गारेट आणि पावेल यास्त्रेबोफ यांनी २००१ मध्ये हा शब्द आणला. पुढे २०१७ मध्ये न्यूकॅसलच्या सुखबिंदर कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा लोकांच्या मेंदूचं स्कॅनिंग केलं. चघळण्यासारखे आवाज ऐकवल्यावर त्यांच्या मेंदूचा इन्सुला नावाचा भाग इतरांपेक्षा जास्त उसळत होता, हृदयाचे ठोकेही वाढत होते.

बाबांनी भुरका सोडावा, असं मी कधीच म्हणणार नाही. आजकाल जेवताना आम्ही रेडिओ लावतो. बरेच दिवस एकाच टेबलावर बसतो.

बसमध्ये मोठ्यानं रील्स लावणाऱ्या भाऊंनो, तुमच्या खिशात इयरफोन असतात न?