स्वतःचं डोकं असलेला मोडेम

परवा माळा आवरायला काढला. जुन्या वह्यांच्या गठ्ठ्याखाली दोन मोडेम सापडले. एक काळी, पुस्तकाएवढी पेटी, समोर छोट्या लाल दिव्यांची ओळ. दुसरं नुसतंच हिरवं कार्ड. पेटी शाळेने निर्लेखित केली तेव्हा मी मागून घेतली होती. कार्ड मात्र माझ्याच पैशांचं. सून म्हणाली, "आई, भंगारात देऊ ना?" म्हटलं, थांब जरा.

गोष्ट २००१ सालची. आमच्या संस्थेच्या तालुक्यातच तीन शाखा होत्या. परीक्षेचे निकाल तिथून शिपायाबरोबर एसटीने यायचे. प्रत्येक शाखेत एक संगणक आणि एक फोन होता. मग त्यांनी आमच्या शाळेला फोन लावून फाइल थेट आमच्या संगणकात का ठेवू नये? इंटरनेट जोडायचं तर नंबर जिल्ह्याच्या गावाचा, म्हणजे एसटीडी. आमचा नंबर लोकल. मी मराठीची बी.ए.; पण संगणकखोलीची किल्ली माझ्याकडे, म्हणून काम माझ्याकडे.

एका माजी विद्यार्थ्याने पुण्याहून येऊन जुन्या पेंटियमवर लिनक्स बसवून दिलं, पीसीक्वेस्ट मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून. जाताना म्हणाला, "बाई, मोडेम बाहेरचाच घ्या, सिरियल पोर्टला लागणारा. आत बसवायचा स्वस्त मिळतो, पण तो घेऊ नका."

मी ऐकलं नाही. खरं कारण आज लिहिते. हा मुलगा नववीत माझ्याच वर्गात नापास झाला होता. प्रगतिपुस्तकावर 'आकलन कमी' हा शेरा माझ्याच हातचा. उलट दुकानदार किती ठामपणे सांगत होता, "छप्पन के चा आहे मॅडम, कुठेही चालतो." बाहेरचा तीन हजारांच्या घरात, हा सातशेला. शाळेचे पैसे वाचवले म्हणून मी खूश!

कार्ड विंडोजवर चाललं. लिनक्सवर मात्र ढिम्म. दोन दिवस खटपट करून शेवटी त्यालाच फोन लावला.

त्याने जे समजावलं ते अजून लक्षात आहे. मोडेमने संगणकाचे आकडे आवाजात बदलायचे आणि पलीकडून आलेल्या आवाजाचे पुन्हा आकडे करायचे. खऱ्या मोडेममध्ये हे करणारी चिप असते. आपण फक्त आज्ञा द्यायची: एटीडीटी म्हणजे नंबर फिरव, एटीए म्हणजे फोन उचल, एटीएच म्हणजे ठेव. १९८१ साली हेज कंपनीने आणलेली ही आज्ञांची पद्धत पुढे बहुतेक सगळ्यांनी उचलली. म्हणून सिरियल पोर्टच्या मोडेमला लिनक्सवर वेगळा ड्रायव्हर लागत नाही. स्वस्त कार्डात ते डोकंच नसतं. सगळा हिशोब विंडोजच्या ड्रायव्हरने करायचा, म्हणून त्याला विनमोडेम म्हणत. काहींचे लिनक्स ड्रायव्हर निघाले होते, पण कर्नल बदलला की तेही रुसायचे. आणि छप्पन के? तो वेग एक टोक डिजिटल असेल तरच. दोन साध्या फोनलाइनींमध्ये सेकंदाला फार तर ३३.६ किलोबिट.

"म्हणजे गाइड पाठ करून येणारा मुलगा," मी म्हटलं.

तो हसला. "बाई, मला तर गाइडही पाठ होत नव्हतं."

मी गप्प झाले.

दुकानदाराने कार्ड परत घेतलं नाही. सातशे रुपये मी पगारातून भरले आणि काळी पेटी आणली. एमगेटी नावाचा प्रोग्राम फोनच्या घंटेची वाट पाहत बसायचा. घंटा वाजली की एटीए. पहिल्या संध्याकाळी पेटी कर्कश किंचाळली, दिवे लुकलुकले आणि पहिली फाइल आली. नववीचा निकाल होता. चौघांपुढे 'नापास'.

त्या वर्षापासून 'आकलन कमी' लिहिणं मी सोडलं. त्याची माफी मात्र मागायची राहिली होती. मोडेम सापडले त्या रात्री फोन केला. तो म्हणाला, "शेरा बरोबरच होता, बाई. मला खरंच कळत नव्हतं. पण का कळत नाही, ते कोणी विचारलं नाही."

चौतीस वर्षं शिकवलं मी. विचारायला एक मिनिट लागलं असतं.

असो. दोन्ही मोडेम अजून माळ्यावरच आहेत.