वसईचे पाहुणे

आमच्या गावच्या वाचनालयाची व्याख्यानमाला दरवर्षी डिसेंबरात तीन दिवस असते. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तिची ही कुठल्यातरी लांबच्या नात्यातली नात म्हणा हवं तर. खुर्च्या दीडशे, त्यातल्या शंभर भरल्या तरी कार्यवाह खूश. गावात राहायची बरी सोय नाही (आहे ती परमिट रूमच्या डोक्यावर), त्यामुळे वक्ते उतरतात ते आमच्याकडेच. ह्यांच्या वेळेपासूनची पद्धत आहे. इतिहासकार, डॉक्टर, कीर्तनकार, एक गिर्यारोहक... कितीतरी जण आमच्या माडीवर झोपून गेलेत. त्यांच्या घोरण्याच्या तऱ्हा हा एक स्वतंत्र विषय आहे, पण तो पुन्हा कधीतरी.

२०२३ साली एका दिवसाचा विषय ठरला 'ख्रिस्ती मराठी साहित्याची चारशे वर्षं', आणि वक्ते वसईचे एक लेखक, निवृत्त प्राध्यापक. नाव सांगत नाही, त्यांना ते आवडणार नाही. बैठकीत नाव वाचलं गेलं आणि मंडळी जरा गप्पच झाली. मग एकाने विचारलं, "धर्मप्रचार तर करणार नाहीत ना?" दुसरे म्हणाले, "उगाच वाद कशाला? उस्मानाबादच्या संमेलनाच्या वेळी काय झालं होतं, आठवतंय ना?" आठवत होतं. जानेवारी २०२० मध्ये फादर फ्रान्सिस दिब्रिटो तिथे अध्यक्ष होते. ते धर्मगुरू आहेत म्हणून त्यांच्या निवडीला विरोध झाला होता. (ते २०२४ साली गेले.) मी एवढंच म्हटलं, "गेल्या वर्षी कीर्तनकार बोलावले, तेव्हा हा प्रश्न कुणी विचारला नाही." विषय तिथेच मिटला. छत्तीस वर्षं मास्तरकी केल्याचा एक फायदा असा, की समितीतले निम्मे लोक आपलेच विद्यार्थी असतात!

खरी बैठक घरी व्हायची होती. घरच्या मंडळींना सांगायला नको, पण इतरांसाठी सांगते: आमच्या थोरल्या जाऊबाई, म्हणजे पोरांच्या मोठ्याकाकू, तेव्हा सत्त्याऐंशी वर्षांच्या होत्या आणि स्वयंपाकघराचा कारभार त्यांच्याच हातात. समितीतल्या एकाने आपुलकीने येऊन सांगितलं, "ते लोक मटणाशिवाय जेवत नसतील, मी खानावळीतून डबा आणतो." मोठ्याकाकूंचा चेहरा बघण्यासारखा झाला. मार्गशीर्ष चालू, आदल्या दिवशी गुरुवारचं व्रत, आणि घरात मटण! शेवटी मी सरळ पाहुण्यांनाच फोन लावला. ते हसून म्हणाले, "बाई, त्या दिवशी शुक्रवार आहे ना? मग मी तसंही मांस खात नाही. आमच्याकडची जुनी माणसं शुक्रवार पाळतात."

मी हे आत जाऊन सांगितलं. मोठ्याकाकू क्षणभर बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे त्यांचाही वार असतो!" आणि वाल भिजत घालायला उठल्या.

पाहुणे आले ते रेल्वेने पुण्यापर्यंत आणि पुढे एसटीने. साधा शर्ट, खांद्याला शबनम आणि हातात केळीच्या वाळल्या पानांत बांधलेलं पुडकं. त्यात सुकेळी होती. वसईकडे केळी उन्हात सुकवून करतात ती. खजुरासारखी दिसतात आणि चवीला खजुरापेक्षा सरस, असं माझं मत.

संध्याकाळी सभागृह भरलं. ओळख करून देताना आमचे अध्यक्ष म्हणाले, "ख्रिस्ती असूनही सरांचं मराठी अतिशय शुद्ध आहे." टाळ्या झाल्या. अध्यक्षांच्या मनात वाईट काही नव्हतं हो, ते खरोखरच कौतुक करत होते. मी पाहुण्यांकडे पाहिलं. ते हसले, पण ते हसू मला ओळखीचं होतं. टोपणनावाने हाक मारलेली पोरं वर्गात तसं हसतात.

मग ते उभे राहिले. "हे कौतुक मी साठ वर्षं ऐकतो आहे. घरात दुसरी भाषा असती तर मी ते आनंदाने घेतलं असतं. माझी आई लाल लुगडं नेसायची आणि सामवेदी बोलीत बोलायची. इंग्रजीचं एक अक्षर तिला येत नव्हतं. मराठी नाही, तर मग मी बोलू काय?"

सभा हसली, आणि नंतर एकदम शांत झाली.

पुढचा तास कसा गेला कळलं नाही. फादर स्टीफन्स हा मूळचा इंग्रज, १५७९ साली गोव्यात आला, चाळीस वर्षं तिथे राहिला, तिथेच गेला. त्याचं 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली राचोलला छापलं गेलं. सुमारे अकरा हजार ओव्या! देवनागरी टाइप हाताशी नव्हता म्हणून रोमन लिपीत छापावं लागलं, पण घाट मात्र अस्सल आपल्या पुराणांचा. बाबा पदमनजींचं 'यमुनापर्यटन' १८५७ चं, विधवांच्या दुःखावरचं. पंडिता रमाबाईंनी केडगावला बसून मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणलं, १९२२ साली त्या गेल्या आणि पुस्तक दोन वर्षांनी बाहेर पडलं. एका बाईने एकटीने केलेलं एवढं काम, आणि मी मराठी घेऊन बीए केलं तरी मला ते कुणी शिकवलं नव्हतं. रेव्हरंड टिळकांची 'केवढे हे क्रौर्य' मात्र मी वर्षानुवर्षं शिकवली. जखमी पक्षिणीपाशी आल्यावर मागच्या बाकावरची पोरंसुद्धा गप्प व्हायची. 'रेव्हरंड म्हणजे काय?' असं मी एकदा विचारलं, तेव्हा एकाने उत्तर दिलं होतं, "लोकमान्यांचे भाऊ." असो.

शेवटी एका तरुणाने प्रश्न विचारला. सूर जरा चढाच होता. "तुमचे लोक पोर्तुगीजांबरोबर आले ना?"

पाहुणे शांतपणे म्हणाले, "चिमाजी अप्पांनी १७३९ साली वसई घेतली. पोर्तुगीज बोटीत बसून निघून गेले. आम्ही कुठे जाणार? आमची वाडी तिथेच होती, विहीर तिथेच होती. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही रहाट चालवला असणार, आणि काय!"

रात्री जेवणं झाली. वालाची उसळ त्यांनी दोनदा मागून घेतली. मग ते आपलं ताट उचलून मोरीकडे निघाले. मी म्हटलं, "अहो, राहू द्या." ते म्हणाले, "सवय आहे, बाई. पुण्यात शिकत होतो तेव्हा एका मित्राकडे दर रविवारी जेवायला असायचो. फार प्रेमळ माणसं होती. पण माझं ताट मी घासायचं आणि वेगळं पालथं घालायचं, असं तिथे होतं. तोंडाने कुणी कधी सांगितलं नाही. मीच पहिल्या दिवशी ओळखलं." हे सांगताना आवाजात कडवटपणा अजिबात नव्हता. मला वाटलं, थोडा असता तर बरं झालं असतं.

मोठ्याकाकू उठल्या. गुडघ्यांमुळे त्यांना उठायला वेळ लागतो. त्यांनी त्यांच्या हातातून ताट काढून घेतलं, आपल्या ताटावर ठेवलं आणि म्हणाल्या, "आमच्या खिडकीतही एक वेगळी कपबशी असायची. सासूबाई गेल्या त्या वर्षी मी ती विहिरीत टाकली."

मी थक्क! सासूबाई गेल्या १९८१ साली. म्हणजे बेचाळीस वर्षं या बाईने कुणाला चकार शब्द सांगितला नव्हता. आणि ती कपबशी गेली कुठे, याची घरात कुणी चौकशीसुद्धा केली नव्हती.

पाहुणे थोडं थांबून म्हणाले, "अजून असेल का तिथे?"

"विहीर बुजवली हो. नळ आले ना." असं म्हणून मोठ्याकाकू ताटं घेऊन आत गेल्या. जाता जाता म्हणाल्या, 'स्मृतिचित्रे' त्यांनी माहेरी असताना वाचलंय. लक्ष्मीबाईंच्या वडिलांचं सोवळं वाचून खूप हसल्या होत्या, मग लग्न होऊन या घरात आल्या.

पाहुणे सकाळी सहाच्या एसटीने गेले. धर्मप्रचाराची काळजी करणारे गृहस्थ संध्याकाळी भेटले. म्हणाले, "भाषण छान झालं, पण वेळ फार घेतला."

सुकेळी आठ दिवसांत संपली. ज्या पानांत ती आली होती ती मोठ्याकाकूंनी पुसून, घडी घालून फडताळात ठेवली आहेत. कशाला, ते अजून सांगितलेलं नाही.