भोपळ्याचा बँजो

'बँजो' म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? उत्तर द्यायच्या आधी माझी एक चूक ऐका.

मागच्या वर्षी गणपतीच्या दिवसांत मी आपल्या ऑनलाइन वर्गात विसर्जनाच्या मिरवणुकीवरचा धडा घेतला. त्यात एक वाक्य होतं : पुढे ढोल होते आणि मागे बँजो वाजत होता. गृहपाठ होता चित्र काढायचा. अकरा वर्षांच्या एका मुलीने सुंदर मिरवणूक काढली. मूर्ती, गुलाल, ढोल, सगळं होतं. आणि सगळ्यात मागे एक माणूस गोल, लांब दांडीचं वाद्य वाजवत होता. मी त्या वाद्यावर लाल फुली मारली आणि खाली लिहिलं, "हा बँजो नाही."

मी मिरजेत वाढले. आमच्याकडे मिरवणुकीत वाजतो तो बँजो म्हणजे लांबट पेटी. तिच्यावर तारा असतात आणि टाइपरायटरसारखी बटणं. डाव्या हाताने बटणं दाबायची, उजव्या हाताने तारा छेडायच्या. त्याला बुलबुल तरंग असंही म्हणतात. गंमत म्हणजे हे वाद्यसुद्धा मूळचं आपलं नाही. 1912 साली जपानमधल्या नागोया शहरात तयार झालेल्या एका वाद्याचा हा भाऊबंद. पण हे मला तेव्हा कुठे माहीत होतं?

पुढच्या वर्गात ती मुलगी म्हणाली, "ताई, पण इथे यालाच बँजो म्हणतात. माझ्या म्युझिक टीचरकडे आहे."

"तो अमेरिकन. खरा बँजो वेगळा," असं म्हणून मी पुढच्या पानावर गेले. त्या दिवशी ती पुन्हा बोलली नाही.

ते माझ्या मनात राहिलं. मी नॉर्थ कॅरोलायनामध्ये राहते. इथे जत्रेत, बाजारात, कुणाच्या ओसरीवर बँजो वाजतच असतो. नऊ वर्षं मी तो ऐकत होते, पण एकदाही जवळ जाऊन पाहिला नव्हता. म्हणून एका शनिवारी डोंगराकडच्या एका कारागिराकडे गेले. ते हाताने बँजो बनवतात आणि दोन दिवसांत शिकवतातही.

दारातच थांबले. छताला वाळलेले भोपळे टांगले होते!

माझ्या शाळेची वाट मिरजेच्या सतारमेकरांच्या दुकानांवरून जायची. तिथेही असेच भोपळे टांगलेले असायचे. पंढरपूरकडून यायचे. हा भाजीचा भोपळा नव्हे. हा कडू भोपळा, वाळला की लाकडासारखा टणक होतो. त्यातून सतार आणि तंबोरा बनतो. आमच्याकडे कापलेल्या भोपळ्यावर लाकडी तबली बसवतात. इथे त्यावर बकऱ्याचं कातडं ताणतात. म्हणजे बँजो अर्धा तंबोरा आणि अर्धी ढोलकी, असं समजा.

भिंतीवर दोन बँजो होते. एक जुना, कारखान्यात बनलेला. दांडीवर शिंपल्याची चमचमणारी फुलं, चांदण्या, टोकाला पंखांचा सिंह. दुसरा साधा. भोपळा, कातडं, काठी, चार तारा. कारागिरांनी विचारलं, "यातला देखणा कोणता?" मी लगेच शिंपल्याच्या बँजोकडे बोट दाखवलं. ते हसले आणि म्हणाले, "आता याची गोष्ट ऐक."

ती गोष्ट अशी. आफ्रिकेतून माणसांना पकडून, गुलाम करून कॅरिबियन बेटांवर आणि अमेरिकेत आणलं. त्यांना सोबत काही आणता आलं नाही. पण हातांना वाद्य कसं करायचं ते माहीत होतं. पश्चिम आफ्रिकेत जोला लोकांचं आकोंटिंग नावाचं वाद्य आजही वाजतं. त्यातही भोपळा, कातडं, लांब काठी आणि एक आखूड तार असते. इथल्या भोपळ्यांपासून या माणसांनी बँजो बनवला. साउथ कॅरोलायनात 1785 ते 1790 च्या सुमारास काढलेलं एक चित्र आहे, 'द ओल्ड प्लँटेशन'. त्यात मळ्यावरचा एक गुलाम माणूस असाच भोपळ्याचा बँजो वाजवतोय. सुरुवातीचे बँजो बनवणाऱ्या बहुतेकांची नावं कुठे लिहिलेली नाहीत.

पुढे 1840 च्या दशकात बाल्टिमोरमध्ये विल्यम बाउचर नावाचे ढोल बनवणारे कारागीर बँजो बनवून विकायला लागले. भोपळा गेला आणि ढोलासारखं लाकडी कडं आलं. कातडं ताणायला धातूचे आकडे आले. त्याच काळात काही गोरे कलाकार चेहऱ्याला काळा रंग फासून रंगमंचावर यायचे. काळ्या लोकांचंच वाद्य वाजवायचे आणि त्यांचीच टवाळी करायचे. मग 1880 नंतर फिलाडेल्फिया आणि बॉस्टनच्या कारखान्यांनी बँजोला श्रीमंतांच्या दिवाणखान्यात नेलं. तेव्हा त्याच्यावर शिंपल्याची फुलं चढली.

ते काम मोठं नाजूक आहे. शिंपल्याचा पातळ तुकडा केसाएवढ्या करवतीने कापतात. काळ्या लाकडात तेवढाच खळगा कोरतात, तुकडा चिकटवतात, घासून सपाट करतात. मग त्यावर बारीक रेघा कोरून त्यात काळा रंग भरतात. मला त्या कारागिरांच्या हातांचं कौतुकच वाटतं. पण ती फुलं बघताना भोपळा कुणालाच आठवत नव्हता. लोकांना वाटायला लागलं, बँजो म्हणजे गोऱ्यांचंच वाद्य.

तरी एक खूण उरली. पाच तारांच्या आजच्या बँजोवरही एक तार आखूड असते. तिची खुंटी टोकाला नसते, दांडीच्या मध्येच असते. ती अंगठ्याने वाजवतात आणि तिचा उंच सूर मध्येमध्ये येत राहतो, सतारीच्या चिकारीसारखा.

आणि माणसंही परत आली. 2005 साली आमच्याच राज्यात, बून गावात, काळ्या बँजोवादकांचा मेळावा भरला. त्यातून जमलेल्या तिघांनी 'कॅरोलायना चॉकलेट ड्रॉप्स' हा बँड काढला. 2011 साली त्यांना ग्रॅमी मिळालं.

त्या दोन दिवसांत मीही एक बँजो केला. भोपळा कापला, आतला गर खरवडला. दांडी आरपार घातली. पडदे नाहीत, दांडी गुळगुळीत. कातडं पाण्यात भिजवलं, ताणलं आणि कडेला पितळी खिळे मारले. मी जरा जास्तच ताणलं. कातडं वाळताना आणखी आवळतं. सकाळी बघते तर भोपळ्याला तडा! कारागिरांनी सरस भरून तो सांधला. मी म्हटलं, "यावर शिंपल्याचं फूल लावू या का? तडा दिसणार नाही." ते म्हणाले, "लाव की. पण मग तू काय शिकलीस ते कसं कळणार?"

फूल लावलं नाही.

घरी आल्यावर पुढच्या वर्गात मी तो बँजो कॅमेऱ्यासमोर धरला. त्या मुलीला म्हटलं, "तुझं चित्र बरोबर होतं. मी फुली मारायला नको होती. माझाही बँजो खरा आहे, पण तुझा त्याच्याहून खूप जुना आहे." ती थोडा वेळ गप्प होती. मग तिने विचारलं, "ताई, त्याच्या टोकावर काही काढलं का नाहीये?"

खरंच, दांडीचं टोक अजून कोरंच आहे. कारागीर तिथे आपली खूण कोरतात : पान, चांदणी, नागमोडी वळण. माझं अजून ठरत नाहीये.

तुम्ही काय काढाल? खाली मोकळी जागा सोडली आहे. तिथे काढा आणि तेच का काढलं ते तीन वाक्यांत लिहा. या वेळी मी लाल पेन घेणार नाहीये.